बिघडलेल्या पेनाची चोरी

१

"मावशी, माझ्याकडे चोरी झाली."

पेनं बनवणारा जगदीश दारात उभा होता आणि माझ्या हातात ऊन ऊन चहा होता. सकाळचा पहिला चहा मी कोणासाठी थांबवत नाही, हे आख्ख्या लालबागला ठाऊक आहे. मी त्याला बस म्हटलं, चहा संपवला आणि मग विचारलं, "काय गेलं?"

"एक पेन."

"आणि बाकीची?"

"सगळी जागेवर. चकचकीत, तयार, डब्यात मांडून ठेवलेली. ती सोडली आणि चोराने बिघडलेलं पेन नेलं. मी ते टाकूनच देणार होतो."

मी कप खाली ठेवला. मी मीरा हाटे. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात हयात घालवली. गोदामाला आग लागली की माल आधीच हलवला होता का, हे शोधायला मला पाठवायचे. त्या नोकरीत एक शिकले. चोराने काय नेलं ते सगळेच बघतात, त्याने काय सोडलं ते आधी बघावं.

"आणि मावशी," जगदीश चाचरत म्हणाला, "बाबुराव म्हणतात, शेवंताकाकीनेच नेलं. रविवारच्या कार्यक्रमाला तिने हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही. तोवर पेन मिळालं नाही तर चाळीच्या बोर्डावर तिचं नाव लिहिणार म्हणे. चोर म्हणून."

मला असा संताप आला!

शेवंताबाई म्हणजे आमच्या शेजारच्या चाळीतल्या धोंडू मयेकरची विधवा. गिरणीच्या संपात धोंडू फितूर झाला, पोलिसांच्या आडून मागच्या गेटने कामावर गेला, असं सगळे सांगतात. संपाला आता तीस वर्षं झाली, धोंडूही कधीच गेला. पण शेवंताबाईच्या घरच्या गणपतीचा प्रसाद आजही त्या चाळीत कोणी घेत नाही. रविवारी संपातल्या माणसांचा सत्कार होता, आणि संपाचा फोटो आत घातलेली जगदीशची पेनं तिथेच द्यायची होती. जे गेले त्यांच्या बायकांना बोलावलं होतं, एक शेवंताबाई सोडून. नवऱ्याच्या नावाला एक डाग होताच, आता तिच्या नावाला दुसरा लावायचा होता. म्हातारीने करायचं तरी काय?

"चल," मी चपला घातल्या. "तुझं दुकान दाखव."

२

जगदीशचं दुकान म्हणजे त्याच चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली. आत एक छोटं लेथ, खिडकीशी लाकडी फळी, फळीवर पाण्याचं भांडं आणि पॉलिश पेपरचे तुकडे. वास असा की डोळे चुरचुरले.

"आधी सांग, फोटो पेनात जातो कसा?" मी विचारलं.

तो खुलला. त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो चोरीबिरी सगळं विसरतो. "सोपं असतं, मावशी. फोटोची कलर झेरॉक्स काढायची आणि पितळेच्या नळीवर गुंडाळायची. नळी साच्यात ठेवून वरून रेझिन ओतायचं. पाण्यासारखं पातळ असतं, दुसऱ्या दिवशी दगड होतं. मग लेथवर गोल करायचं, घासायचं, पॉलिश करायचं. फोटो काचेत ठेवल्यासारखा आत राहतो, जन्मभर."

"मग बिघडतं कसं?"

"कागदाला आधी गोंदाचा हात द्यावा लागतो. नाहीतर रेझिन कागदात मुरतं. भज्यांखालचा पेपर कसा होतो? तसा कागद आरपार दिसायला लागतो. पहिल्याच पेनाला मी गोंद लावायला विसरलो. घासताना बघितलं तर फोटोतल्या आकाशात मळकट डाग. वैतागलो, पुसून फळीवर ठेवून दिलं. नीट बघितलंसुद्धा नाही."

"हे डागाचं कोणाकोणाला बोललास?"

"कोणालाच नाही. धंद्याची लाज असते, मावशी. एक बिघडलं, एवढंच सांगितलं सगळ्यांना."

फळीवर पेनासाठी ओतलेली अजून एक काडी पडली होती. जाडजूड, खरखरीत, दुधाळ. मी ती उचलून उजेडात धरली. आत काही दिसेना.

"यात फोटो आहे?"

"आहे ना. पॉलिश व्हायचंय अजून. चोरीला गेलेलं अस्संच दिसत होतं."

काल संध्याकाळी त्याच्याकडे तीन माणसं येऊन गेली होती. कार्यक्रमाचे अध्यक्ष बाबुराव तोरसकर, शेवंताबाई आणि मंडळाचे अण्णा. जगदीशला पाहुणचाराची भारी हौस. प्रत्येकाला बसवून तो चहा सांगायला नाक्यावर गेला, म्हणजे प्रत्येक जण थोडा वेळ खोलीत एकटा होता. रात्री खोलीला कुलूप होतं आणि सकाळी कुलूप जसंच्या तसं.

तिघांपैकी एक. आणि तिघांनीही बघितली ती फक्त एक दुधी काडी, जिच्यात काहीच दिसत नाही. मग ती कोणाला हवीशी वाटली, आणि का?

३

बाबुराव वर दुसऱ्या मजल्यावर राहतात. उंच, करडा आवाज, कपाळावर केसांपर्यंत गेलेला जुना व्रण. भिंतीवर काळ्या चौकटीत तोच फोटो होता, जो पेनांत घातलाय. गिरणीचं मोठं गेट, वर मोकळं आकाश, मध्ये तरुण बाबुराव. डोक्यातून रक्त वाहतंय आणि मूठ आभाळाकडे.

"लाठीमाराची सकाळ," बाबुराव म्हणाले. "फोटोवाला आपल्याच वाडीतला होता. दोन्ही बाजूंचे रस्ते पोलिसांनी अडवलेले. पुढच्या गेटवरचा माणूस मागच्या गेटला जाऊ शकत नव्हता, मागचा पुढे येऊ शकत नव्हता. मी पडलो. रक्त डोळ्यांत गेलं, दिसेना काही. कोणीतरी डोक्याला कापड बांधलं म्हणून वाचलो. कोण, ते आजवर कळलं नाही."

"आणि धोंडू?"

त्यांचं तोंड कडू झालं. "आम्ही पुढे मार खात होतो आणि तो मागून आत शिरत होता. माझा जिवाभावाचा दोस्त होता तो! त्या दिवसापासून या घरात त्याचं नाव नाही. घरात जेवढे फोटो होते त्यातून त्याचं तोंड कापून टाकायला सांगितलं मी बायकोला."

त्यांची बायको काशीबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"पेन शेवंताबाईनेच नेलं कशावरून?"

"दुसऱ्या कोणाला आमचं वाईट करायचंय? आमच्या सत्काराचं पेन तिला बघवलं नाही."

"बाबुराव, बघवलं नसतं तर तिने चांगली पेनं फोडली असती. बिघडलेलं कशाला नेईल?"

ते चिडले. मी उठले.

शेवंताबाईची खोली त्याच मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. तिने मला पाट दिला, स्वतः जमिनीवर बसली. पंच्याहत्तरीची असेल, पण पाठ ताठ.

"मी गेलेले जगदीशकडे, खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "एकच विचारायला गेले. यांचं नाव घेतील का रविवारी? पेन नको, शाल नको, नारळ नको. नुसतं नाव घ्या. तो पोरगा तरी काय करणार? म्हणाला, काकी, माझ्या हातात नाही."

"ती दुधी काडी बघितली होतीत?"

"फळीवर काय काय पडलेलं असता त्याच्या. माका काय म्हायत?"

"धोंडू त्या सकाळी कुठे होते?"

"गेटवर. ते मरेपर्यंत तेच सांगत होते. कोण ऐकतो? त्या दिवशी उघडे घरी आले, अंगात सदरा नाही. मी विचारलं, सदरा खंय? म्हणाले, कामी आला. हात रक्ताने भरलेले. संध्याकाळी चाळीची मीटिंग झाली आणि त्यानंतर यांच्याशी कोणी बोललं नाही. बाबुरावांच्या दारात तासन्‌तास उभे राहायचे हो. दार उघडलं नाही त्यांनी."

तिने डोळ्याला पदर लावला नाही. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "बाय, माका दया नको. शोधून काढ."

बरं झालं ती रडली नाही. ती रडली असती तर मीही रडले असते, आणि मग डोकं चालत नाही माझं.

४

अण्णा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. बुटके, गोड बोलणारे, कोणाच्याही बारशाला आणि मयताला पहिले हजर. पेपरचं पान उलटताना त्यांनी अंगठा जिभेला लावला. पुढच्या पानाला पुन्हा. मी माझ्या पिशवीतला बिस्किटांचा पुडा दिला तर तो उघडताना पुन्हा तेच. मला शिसारी आली आणि ती माझ्या तोंडावर दिसली असावी.

"सवय हो, मीराबाई," ते हसले. "सूत तुटलं की थुंकी लावून जोडायचं. गिरणी गेली, सवय राहिली. आता समोर काहीही येवो, अंगठा आधी तोंडात."

"तुम्ही होतात का हो त्या सकाळी गेटवर?"

"होतो म्हणजे! तो फोटो बघितलात ना? बाबुरावच्या मागे एक हात वर दिसतो. तो माझा."

हाताला तोंड नसतं, त्यामुळे तो कोणाचाही असू शकतो. हे मी मनात म्हटलं.

"आणि धोंडूला आत जाताना कोणी बघितलं?"

"मी. या डोळ्यांनी. मागच्या गेटने शिरला. मीटिंगमध्ये मीच सांगितलं सगळ्यांना. वाईट वाटलं, पण सांगावं लागलं."

"त्याच सकाळी?"

"त्याच सकाळी."

"पेनाचं काय वाटतं तुम्हाला?"

"शेवंताबाईशिवाय कोण? आता बघा, आकाशात डाग पडलेलं पेन, फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही. त्याच्यासाठी चोरी केली बाईने. मी तर हातसुद्धा लावला नाही त्या काडीला. लांबूनच बघितली."

मी त्यांचा निरोप घेतला. जिन्याच्या मधल्या पायरीवर आले आणि जागच्या जागी उभी राहिले. अण्णांचा एकच हात पुढच्या गेटवर होता आणि दोन्ही डोळे मागच्या गेटवर. रस्ते तर पोलिसांनी अडवलेले.

आणि डागाबद्दल जगदीश कोणालाच बोलला नव्हता.

५

"तू शपथेवर सांग, अण्णांना डागाचं सांगितलंस?" मी जगदीशच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले.

"आईशपथ नाही, मावशी. आणि सुक्या काडीत तो दिसतच नाही. तुम्ही स्वतः बघितलं ना सकाळी, आत काही दिसलं का?"

"मग तुला कसा दिसला?"

"घासताना." मग फळीवरच्या पाण्याच्या भांड्याकडे बघत म्हणाला, "पाणी लावून घासतो ना मी. ओलं असलं की आरपार दिसतं. वाळलं की परत दुधी."

माझ्या डोळ्यांपुढे अण्णांचा अंगठा आला. जिभेवरून पेपरवर, जिभेवरून बिस्किटाच्या पुड्यावर.

पण डाग बघून माणूस चोरी का करेल? जगदीशच्या कामातल्या डागाशी अण्णांना काय देणंघेणं?

"जगदीश, डोकं शांत ठेवून सांग. तो डाग पडला कशाने? गोंद लावायचा राहिला, कागद आरपार झाला, ठीक. पण आरपार होऊन दिसलं काय?"

त्याने एक रिकामी नळी घेतली आणि कागदाचा तुकडा गुंडाळून दाखवला. "पहिल्या पेनाचा कागद रुंद होता. एक टोक दुसऱ्यावर चढलं. वरच्या टोकावर आकाश. खालच्या टोकावर जे होतं ते आकाशातून वर दिसलं. पुढच्या पेनांना मी ती जादा पट्टी कापूनच टाकली."

"पट्टीवर काय होतं?"

"कोणीतरी माणूस. फोटोच्या कडेला."

"अरे पण बाबुरावांच्या भिंतीवरच्या फोटोत कडेला कोणी नाही!"

"भिंतीवर दिसत नाही. मी चौकटीतून काढला तेव्हा एक बाजू मागे दुमडलेली होती. झेरॉक्सला सरळ केला. परत देताना जशी होती तशी घडी घालून बसवला. मला वाटलं, चौकटीत मावत नसेल."

"त्या कापलेल्या पट्ट्या?"

"कचऱ्यात. गाडी येऊन गेली, मावशी."

"माणूस कसा होता?"

"उघडा होता अंगाने. मी त्या वेळी जन्मलोही नव्हतो, मला कोण ओळखू येणार?"

मी पुढचं ऐकायला थांबले नाही. गुडघ्यांनी कितीही शिव्या दिल्या तरी दोन मजले एका दमात चढले. बाबुरावांचं दार उघडंच होतं.

भिंतीवर नुसता खिळा होता.

६

"अण्णांनी नेला?" मला धाप लागली होती.

काशीबाई एकटीच घरात होती. तिने आधी मला पाणी दिलं. मग दाराबाहेर डोकावून आली आणि म्हणाली, "आताच मागायला आलेले. काच बदलून आणतो, रविवारसाठी. मी म्हटलं, हे घरी नाहीत, मग या. ते गेले नि मी फोटो काढून ठेवला."

"का?"

तिने पलंगाखालून लुगड्यात गुंडाळलेली चौकट ओढली. "काच काढली असती तर घडी उघडली असती."

"घडी तुम्ही घातलीत?"

"हे म्हणाले, घरात धोंडूचं तोंड दिसता कामा नये. कातर घेऊन सगळ्या फोटोंतून काप. धोंडूभावजी तेव्हा धडधाकट होते हो. जित्या माणसाच्या फोटोला कातर लावतात काय? अवदसा येते. मी कातर हातात घेतली, पण नाही झालं माझ्याच्याने. जिथे जिथे ते होते तिथे मागे दुमडून टाकलं. हा फोटो तर फोटोवाल्याने नंतर आणून दिला. यांनी बघायच्या आधीच मी घाईघाईत घडी घातली, नीट बघितलंही नाही, आणि चौकटीत बसवला."

"म्हणजे बाबुरावांनी हा फोटो पूर्ण कधी बघितलाच नाही?"

"कधीच नाही."

"आणि धोंडू फितूर झाला ती सकाळ कुठली, हे तुम्हाला माहीत होतं?"

"बायकांना कोण सांगतं मीटिंगमधलं? एक दिवस गेला कामावर, एवढं कानावर आलं. शेवंताशी बोलायची बंदी होती. ती पाण्याला आली की मी आत यायचे." तिने चौकटीवरचं लुगडं सोडलं. "एका मजल्यावर राहून तीस वर्षं मी तिच्याशी बोलले नाही."

आम्ही चौकटीचे खिळे उचकटले. घडी मी उलगडली. कागद दुमडला होता तिथे पांढरी रेघ पडली होती. रेघेपलीकडे एक माणूस होता. उघडा, छातीच्या फासळ्या दिसणारा. दोन्ही हातांनी आणि दातांनी तो स्वतःचा सदरा फाडत होता, आणि त्याची नजर रक्ताने माखलेल्या बाबुरावांवर होती.

विम्याच्या नोकरीत खोटं पकडताना मला नेहमी मजा यायची. या वेळी नाही आली.

"काशीबाई, बाबुरावांना बोलवा. अण्णांनाही. शेवंताबाईंना मी आणते."

"ती येईल या घरात?"

"नाही आली तर उचलून आणेन."

७

ती स्वतःच्या पायांनी आली. उंबऱ्याच्या आत आली आणि काशीबाईने तिला पाट दिला तरी उभीच राहिली. बाबुराव खुर्चीत, अण्णा दाराजवळ. जगदीश कोपऱ्यात.

"या बाईला कोणी बोलावलं?" बाबुराव गरजले.

"मी. आणि तुम्ही आता जरा तोंड बंद ठेवा," मी म्हटलं. बाबुरावांना असं कोणी बोललं नसावं, कारण ते खरंच गप्प बसले.

मी पिशवीतून जगदीशच्या फळीवरची दुसरी दुधी काडी काढली. "चोरीला गेलेलं पेन असंच दिसत होतं. प्रत्येकाने हातात घेऊन सांगा, आत काय दिसतं?"

शेवंताबाईने डोळ्यांजवळ नेली, मान हलवली आणि परत दिली. बाबुरावांनी खिडकीच्या उजेडात फिरवली. "काही दिसत नाही. पांढरी काडी आहे नुसती."

"अण्णा?"

अण्णांनी काडी घेतली. उलटीसुलटी केली. आणि नकळत त्यांचा अंगठा जिभेला लागला आणि काडीवरून फिरला.

जिथे अंगठा फिरला तिथे दूध निघून गेल्यासारखं झालं. आतून गिरणीच्या गेटचे गज दिसायला लागले.

अण्णांनी ते बघितलं. सगळ्यांनी बघितलं. त्यांनी काडी अशी सोडली की ती जगदीशने झेलली म्हणून वाचली.

"काल संध्याकाळी असंच झालं ना, अण्णा?" मी म्हटलं. "जगदीश चहा सांगायला गेला. तुम्ही काडी उचलली, सवयीने अंगठा फिरवला आणि आतून एक माणूस बाहेर आला. जगदीशला तो डाग वाटला. तुम्ही ओळखलात. मला मात्र सांगितलंत की हात लावला नाही, आणि त्याच दमात म्हणालात की आकाशात डाग पडलाय. सुक्या काडीत डाग दिसत नाही, अण्णा."

"काय डाग? कोण माणूस?" बाबुराव उठले.

"बाबुराव, हा फोटो कोणत्या सकाळचा?"

"किती वेळा सांगू? लाठीमाराच्या."

"आणि धोंडू मागच्या गेटने आत गेला ती सकाळ?"

"तीच."

मी फोटो त्यांच्या हातात दिला. पूर्ण, उलगडलेला.

बाबुराव बघत राहिले. त्यांचा हात कपाळावरच्या व्रणाकडे गेला. "सदरा," ते म्हणाले. "निळ्या रेघांचा होता. रक्त धुऊन काढलं तेव्हा रेघा दिसल्या होत्या. मी चाळीत सगळ्यांना विचारत होतो, हा कोणाचा..." त्यांनी शेवंताबाईकडे बघितलं. "वहिनी, निळ्या रेघांचा?"

"मीच शिवलेला," शेवंताबाई म्हणाली.

मग अण्णा दाराला पाठ लावून हळूहळू खाली बसले.

"घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती," ते म्हणाले. "एकच दिवस आत गेलो. बाहेर पडताना कोणीतरी पाठमोरं बघितलं मला. संध्याकाळी बोंब झाली, आपल्या चाळीतला एक जण आत होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धोंडू उघडा घरी आला होता, त्याचीच चर्चा चालू होती. माझ्या तोंडून निघून गेलं, आत शिरताना ओळखू येऊ नये म्हणून सदरा टाकला असेल, मी बघितलं त्याला. एकदा बोललो ते बोललो. मग मागे घेता येईना."

"तीस वर्षं?" मी ओरडले. "माणूस मेला तरी मागे घेता येईना?"

त्यांनी सदऱ्याच्या आतून रुमाल काढला आणि रुमालातून ती काडी. "फेकायला शिवडीच्या खाडीवर गेलो होतो. त्याचं तोंड होतं आत. हात उचलेना."

बाबुराव त्यांच्या अंगावर धावले. त्यांना अडवलं शेवंताबाईने. एवढीशी बाई, पण मध्ये उभी राहिली.

"मारून काय होणार?" ती म्हणाली. "अण्णा, मी तुला माफ करत नाही. आशेला राहू नको. पण रविवारी सगळ्यांपुढे उभा राहून हे सगळं तू तुझ्या तोंडाने सांगायचं. आज इथे सांगितलंस तसंच."

अण्णांनी मान हलवली.

जगदीश पुढे झाला. "काकी, मी तुम्हाला नवीन करून देतो. गोंद लावून, छान. काका स्पष्ट दिसतील, डागासारखे नाही."

शेवंताबाईने काशीबाईकडे पाणी मागितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. काशीबाई तांब्या घेऊन धावली. शेवंताबाईने तळहातावर काडी धरली, वर पाणी ओतलं आणि बघत राहिली. गेटच्या वर, मोकळ्या आकाशात, फिकट फिकट धोंडू उभा होता.

"नवीन नको," ती म्हणाली. "हाच घास. पाणी लावायची गरज पडता कामा नये कोणाला."

८

रविवारी हॉल गच्च भरला होता. बाबुरावांनी पहिलं नाव धोंडू मयेकरचं घेतलं आणि पुढचं बोलणं त्यांना जमलं नाही. मग अण्णा उठले. माइकपाशी गेले आणि सगळं बोलले. मध्ये काही जणांनी शिव्या दिल्या, तरी ते थांबले नाहीत. बोलून झाल्यावर ते स्टेजच्या मागच्या दाराने निघून गेले. त्यांच्याकडे मला बघवलं नाही, आणि कीव आली असंही नाही.

बाबुरावांनी शेवंताबाईला पेन दिलं. चकचकीत, आरपार. आता माइक तिच्या हातात द्यायचा की नको, या विचारात मंडळाची माणसं होती. तिने माइककडे बघितलंसुद्धा नाही. ती स्टेजवरून खाली उतरली आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या माणसापुढे उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली.

त्याने बघितलं.

मग दुसऱ्यापुढे. मग तिसऱ्यापुढे. कोणी खाली मान घातली तर ती हनुवटी वर होईपर्यंत थांबायची. गिरणीत मागावर काम केलेले म्हातारे साचेवाले, त्यांच्या बायका, त्यांच्या सुना. कार्यक्रम थांबला होता, पण तिला हटकायची कोणाची छाती नव्हती. काशीबाई तिच्या मागोमाग चालत होती, नुसती सोबत म्हणून. एका बाईने डोळ्यांना पदर लावला, तर शेवंताबाई म्हणाली, "रड मग. आधी बघ नीट."

मी शेवटच्या रांगेत बसले होते. ती माझ्यापर्यंत आली तेव्हाही तिचा हात स्थिर होता. तिने पेन माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

"मी बघितलंय हो, शेवंताबाई," मी म्हटलं. "मला माहीत आहे."

"तरी बघ," ती म्हणाली.

मी चष्मा पुसला आणि बघितलं.